तीन लाखांत लॅबसाठी कार्ड कोणतं घ्यावं? मोडीची पानं, मुठेचा पूर आणि जीपीयू

मुठाकाठ

नमस्कार मंडळी.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. विभागाला एका संशोधन योजनेतून तीन लाख रुपये मंजूर झालेत. पैसे यंत्रसामग्रीच्या हेडखाली आहेत, त्यामुळे क्लाउडचं बिल त्यातून भागवता येत नाही. मार्चएंडच्या आत तीन कोटेशनं, खरेदी समिती, बिल पास, सगळं उरकायचं आहे. नाहीतर पैसे परत.

कामं दोन आहेत. पहिलं माझं: मोडी कागदांच्या स्कॅनवरून देवनागरी मजकूर काढायचा. पेशवे दप्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, घरोघरच्या पेट्या... पुण्यात मोडी कागदांना तोटा नाही. त्या मानाने ते वाचणारे फारच थोडे. दुसरं काम सिव्हिलच्या सहकाऱ्याचं: खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठेकाठी कुठे किती चढेल, याचं मॉडेल. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर आमच्या मुलांनीच हा विषय लावून धरला.

आता डोक्यात चार पर्याय घोळतायत. २४ किंवा ३२ जीबी मेमरीचं एकच मोठं जीपीयू कार्ड (ढीगभर आकडेमोड एकाच वेळी करणारं) घ्यावं, १६ जीबीची दोन-तीन घ्यावीत, एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट हवं तसं जुळवता येणाऱ्या चिपचे, बोर्ड घ्यावेत (एका सरांचा तसा आग्रह आहे), की साधी यंत्रं घेऊन जड काम बाहेर पाठवावं? मुलांच्या हाताला यंत्र लागलं पाहिजे, ही माझी पहिली अट आहे.

कोथरूडची_पायरी

वाचतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

हिंजवडी_फेज३

सर, ३२ जीबीचं आरटीएक्स ५०९० बघा. मेमरीची बँडविड्थ (मेमरीतून आकडे ओढायचा वेग) सेकंदाला १७९२ जीबी. आज घरगुती कार्डांत याच्या वर काही नाही. एकदाच घ्या, चांगलं घ्या.

वारजेकर

@हिंजवडी_फेज३, तीन लाखांत ते कार्ड बसवलं तर उरलेलं यंत्र कशात बसवायचं? शिवाय ते ५७५ वॉटचं कार्ड. त्याला पॉवर सप्लाय तसाच दणकट, कॅबिनेट तसंच मोठं. आणि एका वेळी एकच विद्यार्थी बसणार. सर म्हणतायत मुलांच्या हाताला लागलं पाहिजे.

मुठाकाठ सर, कार्डाचं नाव घेण्याआधी तुमचं काम कुठे अडतंय ते सांगा. मेमरी पुरत नाही म्हणून अडतंय, मेमरीतून आकडे ओढायला वेळ लागतो म्हणून, आकडेमोड जास्त आहे म्हणून, की डिस्कवरून माल वेळेवर येत नाही म्हणून? उत्तर बदललं की कार्ड बदलतं. मॉडेल केवढं आहे? पानं कशी साठवली आहेत?

मुठाकाठ

मॉडेल छोटंच आहे. ओळीचं चित्र आत जातं, अक्षरांची मालिका बाहेर येते. साधारण एक कोट पॅरामीटर (मॉडेल ट्रेनिंगमध्ये शिकतं ते आकडे). पानं ३०० डीपीआयच्या रंगीत टिफ फाइलीत, एका बाहेरच्या हार्डडिस्कवर. सध्या कॅगल या संकेतस्थळावर फुकट मिळणारं टी४ कार्ड वापरतोय.

वारजेकर

मग इथेच हिशेब करू.

एक कोट पॅरामीटर. मिश्र अचूकतेत (काही आकडे १६ बिटांत, काही ३२ बिटांत) ॲडम हा ऑप्टिमायझर वापरून ट्रेनिंग करायचं तर ढोबळमानाने प्रत्येक पॅरामीटरला १६ बाइट लागतात: वजन, त्याची ३२ बिटांची प्रत, ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझरचे दोन आकडे. झाले १६ कोटी बाइट, म्हणजे १६० एमबी. बाकी मेमरी मधल्या थरांचे आकडे खातात, तीही बॅच लहान केली की आटोक्यात येते. तुमच्या मोडीला २४ जीबीची गरजच नाही. हाच हिशेब ७०० कोटी पॅरामीटरच्या भाषामॉडेलला लावला तर ११२ जीबी होतात. तिथे २४ काय आणि ३२ काय, दोन्ही अपुरेच.

आता डिस्क. ए४ च्या आसपासचं पान ३०० डीपीआयला सुमारे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, तीन रंग, म्हणजे न आवळलेल्या टिफमध्ये अंदाजे २६ एमबी. फिरत्या हार्डडिस्कवरून सेकंदाला दीडशे एमबी मिळाले तरी सेकंदाला सहाच पानं हाती येतात. गुऱ्हाळ कितीही मोठं बांधा, ऊस आणणारी बैलगाडी एकच असेल तर चरक रिकामाच फिरणार. ट्रेनिंग चालू असताना एनव्हीडिया-एसएमआय (कार्डाचा वापर दाखवणारी आज्ञा) लावून बघा. वापराचा आकडा वीस-तीसच्या आसपास लोळत असेल आणि मधूनच शंभरावर उडी मारत असेल, तर कार्ड उपाशी आहे असं समजा.

उपाय: ओळी आधीच कापून ठेवा. करड्या रंगात, ६४ पिक्सेल उंचीच्या. १६०० पिक्सेल रुंद ओळ धरली तर जेमतेम शंभर केबी. पानावर वीस ओळी असतील तर २६ च्या जागी दोन एमबी. ते एनव्हीएमई एसएसडीवर टाका.

बोरूवाली

तुम्ही मंडळी जीबीत बोलताय, मी कागदावर बोलते. मोडी वर्गात शिकवते म्हणून राहवत नाही.

"ओळी आधीच कापून ठेवा" हे म्हणायला सोपं आहे. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरं त्या रेषेला टांगत जातो. शब्दांमध्ये जागा सोडत नाही, विरामचिन्हं नाहीत. ओळ संपली की शब्द असेल तिथे तुटतो आणि खालच्या ओळीत पुढे चालू होतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या रेषेत घुसलेला असतो. समासात कुणीतरी नंतर आडवा शेरा मारलेला असतो. पेशवेकालीन वळण वेगळं, शिवकालीन वेगळं, इंग्रजी अमदानीतलं आणखी वेगळं.

त्यात मोडीत ह्रस्व-दीर्घ बहुधा पाळलेलं नसतं. एकच खूण, मग देवनागरीत "कि" लिहायचं की "की"? एका वाचकाने एक लिहिलं आणि दुसरीने दुसरं, तर तुमचं मॉडेल काय शिकणार? माझं स्पष्ट मत: तुमचं काम कार्डावर अडलेलं नाही, वाचून दिलेल्या ओळींवर अडलेलं आहे. तीन लाखांतले काही पैसे लिप्यंतर करणाऱ्यांना देता आले तर बघा. हे लोक वर्षानुवर्षं फुकट राबतात.

मुठाकाठ

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. या हेडमधून मानधन देता येत नाही, पण विभागाच्या दुसऱ्या निधीसाठी अर्ज करतो. ह्रस्व-दीर्घाचा मुद्दा फार मोलाचा आहे. ट्रेनिंगच्या वेळी दोन्ही एकच धरायचे आणि शेवटी शब्दकोशावरून दुरुस्त करायचे, असं करून बघू का?

बोरूवाली

तेच बरं. नियम मात्र आधी लिहून काढा आणि सगळ्या वाचकांना द्या.

तांबडं_कार्ड

एनव्हीडियाच्या पलीकडेही जग आहे हो. एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स: २४ जीबी, सेकंदाला ९६० जीबी बँडविड्थ. लिनक्सवर रॉकएम (एएमडीचं सॉफ्टवेअर) टाकलं की पायटॉर्च (मॉडेलं लिहायची लायब्ररी) चालतं, तुमचा कोड बहुधा एक ओळही न बदलता. एकाच कंपनीच्या दावणीला सगळी लॅब बांधणं मला पटत नाही.

वारजेकर

@तांबडं_कार्ड, तत्त्व मान्य. निव्वळ पायटॉर्च असेल तर मीही तेच सुचवेन. पण लॅबमध्ये मुलं गिटहबवरून कुणाचंतरी प्रोजेक्ट उतरवतात आणि त्यात हाताने लिहिलेला कुडाचा, म्हणजे खास एनव्हीडियाच्या कार्डांसाठीच्या कोडचा, तुकडा असतो. तो हिपमध्ये (एएमडीची तशीच सोय) आणायची हत्यारं आहेत, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलाची त्यात सहामाही जाते. कुडा २००७ पासून लोकांच्या हातात आहे, त्यामुळे कुठेही अडलं तरी त्यावर कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं सापडतं. शिकवण्याच्या लॅबमध्ये हा फार मोठा आधार असतो.

प्रवाही

मीच तो सिव्हिलचा सहकारी. मुठाकाठ सरांनी धाग्याचा दुवा पाठवला म्हणून सदस्य झालो.

माझा आग्रह दुहेरी अचूकतेचा, म्हणजे ६४ बिटांचा आहे आणि घरगुती कार्डांत नेमकं तेच छाटलेलं असतं. आरटीएक्स ३०९० ची ३२ बिटांची क्षमता ३५.६ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया), ६४ बिटांची तिच्या एक चौसष्टांश, म्हणजे साडेपाचशे गिगाफ्लॉपच्या आसपास. डेटासेंटरच्या ए१०० कार्डाला ६४ बिटांत ९.७ टेराफ्लॉप मिळतात, पण ते आपल्या आवाक्यात नाही.

माझं जाळं असं: धरणापासून संगमापर्यंत साधारण २० किलोमीटर, रुंदी २ किलोमीटर, चौकोन २ मीटरचा. झाले एक कोट चौकोन. प्रत्येक चौकोनात पाण्याची पातळी, दोन दिशांचा प्रवाह आणि तळाची उंची. वेळेची पायरी ०.१ सेकंद, म्हणजे एका दिवसाच्या पुराला ८ लाख ६४ हजार पायऱ्या. मोडीला चालणारं कार्ड मला चालेल का?

वारजेकर

छान, आकडे दिलेत म्हणून बोलता येतं.

एका चौकोनाचे चार आकडे वाचायचे आणि तीन लिहायचे. ६४ बिटांत ५६ बाइट. एक कोट चौकोनांचे ५६ कोटी बाइट, दर पायरीला. सेकंदाला ९३६ जीबी ओढणाऱ्या ३०९० वर त्याला ०.६ मिलिसेकंद. आकडेमोड चौकोनामागे दोनशे क्रिया धरली तर पायरीला दोनशे कोटी क्रिया, त्यांना ६४ बिटांत साडेतीन मिलिसेकंद. म्हणजे तुमचं ६४ बिटांचं काम घरगुती कार्डावर आकडेमोडीला अडेल, मेमरीला नाही. सगळा पूर आदर्श स्थितीत तासाभरात होईल. साध्या डेस्कटॉपवर मेमरीची बँडविड्थ ८०-९० जीबी, तिथे पायरीला सहा-सात मिलिसेकंद, म्हणजे दीड तास. एवढ्याशा फरकासाठी कार्ड घेण्यात अर्थ नाही.

तेच ३२ बिटांत केलंत तर पायरीला ०.३ मिलिसेकंद. पाच मिनिटांच्या आत. प्रत्यक्षात याच्या काही पट लागेल, पण प्रमाण बघा. तेव्हा खरा प्रश्न असा: ६४ बिट हवेतच का?

प्रवाही

हवेत. कारण ३२ बिटांत पाणी चढतच नाही. प्रत्यक्ष पाहिलंय.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजून ३२ बिटांत ठेवली, तर ५६० च्या आसपास दोन लागोपाठच्या आकड्यांत ०.०६१ मिलिमीटरचं अंतर असतं. पाणी तासाला एक मीटर चढतंय असं धरा. ०.१ सेकंदात ते ०.०२८ मिलिमीटर चढतं. ही वाढ त्या अंतराच्या निम्म्याहून कमी, म्हणून बेरीज करताना आकडा जवळच्या आकड्यावर गोल केला जाताना ती नाहीशी होते. पुढच्या पायरीलाही तेच. तासभर पाणी येतंय आणि पातळी जिथल्या तिथे! कुठलीही चूक दाखवली जात नाही, कार्ड सुखाने चालू असतं. काठावरच्या घरांसाठी आकडे काढायचे असतील तर हे परवडत नाही.

वारजेकर

अप्रतिम उदाहरण. वर्गात वापरणार.

पण उपाय याच उदाहरणात आहे. समुद्रसपाटीपासूनची पातळी साठवू नका, तळापासूनची खोली साठवा. पाच मीटर खोलीच्या आसपास ३२ बिटांतलं अंतर ०.०००५ मिलिमीटरहूनही कमी आहे. तुमची ०.०२८ ची वाढ त्यात सहज मावते. तळाची उंची स्थिर आहे, ती वेगळी ठेवा आणि शेजारच्या चौकोनांतला फरक एकदाच ६४ बिटांत काढून ठेवा. जिथे एकूण पाण्याचा ताळा करायचा, तेवढी बेरीज ६४ बिटांत करा.

प्रवाही

हं. तत्त्वतः बरोबर वाटतंय. करून पाहतो आणि ६४ बिटांच्या निकालाशी ताडून सांगतो. तोवर माझा आग्रह कायम आहे असं समजा.

ट्रान्सप्युटर

चर्चा आवडली. वयाने ज्येष्ठ असल्याने थोडं मागचं सांगतो.

सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यात उभं राहिलं आणि १९९१ ला परम ८००० हा महासंगणक आला. त्यात इनमॉसचे ट्रान्सप्युटर होते. प्रत्येक चिपला चार दुवे, त्यावरून शेजाऱ्याशी बोलायचं. तेव्हाही सगळी मेहनत आकडेमोडीपेक्षा आकडे कुठून कुठे न्यायचे यातच जाई. २०१३ ला परम युवा २ आला, त्यात इंटेलची झिऑन फाय कार्डं होती. पुढे इंटेलने ती मालिकाच बंद केली. ज्यांनी ओपनएमपीसारख्या सर्वमान्य पद्धतीने लिहिलं, त्यांचा कोड साध्या प्रोसेसरवर आजही चालतो. खास त्या कार्डाच्या सूचनांवर बेतून लिहिलेलं मात्र त्या कार्डाबरोबरच गेलं.

म्हणून माझी विनंती: पुराचं मॉडेल लिहिताना गणित एका जागी आणि कार्डाशी बोलणारा भाग दुसऱ्या जागी ठेवा. आणि अमडालचा १९६७ चा नियम मुलांना पहिल्याच तासाला शिकवा. कामातला दहा टक्के भाग एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर हजार कोरांचं कार्ड लावूनही काम दहापटीपेक्षा जास्त वेगाने होणार नाही. दर मिनिटाचा नकाशा डिस्कवर लिहीत बसलात तर तो दहा टक्के तिथेच जाईल.

विमाननगर_विंग

काका, दंडवत. अशा प्रतिसादांसाठीच इथे येतो.

नारायणगावकर

मूळ धाग्यात एफपीजीए विचारलंय, त्यावर अजून कुणी बोललं नाही.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत एफपीजीए आणि जीपीयू दोन्ही एकत्र नांदतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, प्रत्येकीची दोन ध्रुवणं, म्हणजे ६० सिग्नल. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा घ्यायचा तर प्रत्येक सिग्नलचे सेकंदाला ८० कोटी नमुने. सगळे मिळून ४८०० कोटी. हा ओघ थांबत नाही आणि "जरा थांब, फाइल उघडतोय" असं आकाशाला सांगता येत नाही. म्हणून पुढच्या फळीत एफपीजीए: नमुने घ्यायचे, ठरल्या वेळेत पाकिटं बांधून पुढे धाडायची. मागच्या फळीत जीपीयू: फूरिए रूपांतर आणि तबकड्यांच्या प्रत्येक जोडीचा गुणाकार-बेरीज. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. हे काम एकसारखं, प्रचंड आणि जीपीयूच्या हातचं. शिवाय खगोलवाल्यांना पद्धत बदलायची झाली तर कोड बदलता येतो.

एफपीजीए लागतो तो ओघ न थांबणारा असेल, किंवा उत्तर ठरल्या मायक्रोसेकंदांत हवं असेल तेव्हा. मोडीचं पान दोनशे-तीनशे वर्षं थांबलंय, आणखी एक रात्र डिस्कवर थांबेल. एफपीजीएवर मोठ्या डिझाइनचं सिंथेसिस (लिहिलेल्या कोडमधून सर्किट बांधणं) चालवलं की निकाल यायला तास लागतात, मुलांचं प्रात्यक्षिक दोन तासांचं. ज्या सरांचा आग्रह आहे त्यांना डिजिटल डिझाइनसाठी एखादा झिंक (Zynq) चिपवाला बोर्ड वेगळा घ्या, ते शिक्षण फार मोलाचं आहे. पण या दोन कामांना तो नको.

भोसरी_एमआयडीसी

अवांतर होतंय, पण विचारतो. आमच्याकडे कास्टिंगवरचे ब्लोहोल (ओतकामात हवेने पडलेली भोकं) कॅमेऱ्याने पकडायचेत. सध्या माणूस डोळ्यांनी बघतो, रात्रपाळीला रिजेक्शन सुटतात. बेल्टवर दर दोन सेकंदाला एक जॉब. यालाही असलंच मोठं कार्ड लागेल का? शेडमध्ये धूळ आणि तेल दोन्ही आहे.

नारायणगावकर

दोन सेकंद म्हणजे ऐसपैस वेळ. जेटसन ओरिन नॅनो हा छोटा बोर्ड बघा: ८ जीबी, २५ वॉटच्या आत चालतो. पंखा नसलेल्या बंद पेटीत बसवलेले औद्योगिक प्रकारही मिळतात. ट्रेनिंग ऑफिसातल्या यंत्रावर करायचं, शेडमध्ये फक्त तपासणी. कार्डाआधी प्रकाशाची सोय बघा. तिरपा, एकसारखा प्रकाश पडला तर ब्लोहोल उठून दिसतात आणि मॉडेल निम्म्या आकाराचं पुरतं.

भोसरी_एमआयडीसी

धन्यवाद दादा. प्रकाशाचं कुणीच सांगितलं नव्हतं. वेगळा धागा काढतो.

हिंजवडी_फेज३

टीपीयूचं, म्हणजे गूगलच्या खास चिपचं काय? कॅगलवर तोही फुकट मिळतो. गूगलने २०१५ पासून स्वतःच्या डेटासेंटरात वापरलेली वस्तू आहे. पहिल्या पिढीत २५६ गुणिले २५६ गुणकांची जाळी होती, म्हणजे ६५,५३६ गुणाकार एका ठोक्याला.

वारजेकर

वस्तू उत्तम, पण ती दुकानात मिळत नाही, गूगलच्या क्लाउडवरच भाड्याने मिळते. सरांच्या हेडमध्ये बसत नाही.

कॅगलवर वापरायचा तर एक गोष्ट मुलांना सांगा. टीपीयूसाठी एक्सएलए हा कंपायलर आधी सगळं गणित बांधून ठेवतो आणि ते ठरावीक आकाराला बांधतो. मोडीची एक ओळ १२०० पिक्सेलची, दुसरी १९०० ची, असं आलं की दर नव्या रुंदीला तो पुन्हा बांधायला बसतो. ओळींना चार-पाच ठरलेल्या रुंदींत बसवा, उरलेली जागा कोरी भरा. मग पळतो.

तिसरं_वर्ष

सर, जुनी ३०९० घेतली तर? वापरलेली कार्डं नव्याच्या मानाने खूपच स्वस्त मिळतात. २४ जीबी, आणि दोन कार्डं एनव्हीलिंकने जोडता येतात, जे ४०९० ला जमत नाही.

पर्वतीपायथा

घरी घ्यायला हरकत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग बंद पडलं आणि त्यातली पुष्कळ कार्डं बाजारात आली. मित्राला एका दुकानातून "फक्त गेमिंगला वापरलेलं" म्हणून दिलेलं कार्ड उघडलं, तर मेमरीवरचे थर्मल पॅड तेल सोडून बसलेले. कॉलेजला तर जीएसटीचं बिल आणि वॉरंटी लागणार, तेव्हा तो रस्ता बंदच.

डेटासेंटरमधून निघालेल्या व्ही१०० किंवा पी४० कुणी गळ्यात मारत असेल तर तेही नको. पंखा नसतो, वाऱ्याची सोय आपण करायची. आणि कुडा १३ ने त्यांच्या पास्कल आणि व्होल्टा या दोन्ही पिढ्यांचा आधार काढून घेतलाय.

वीजमीटर

कुणी विजेचं बोललं नाही म्हणून लिहितो. ३५० वॉटचं कार्ड आणि बाकी यंत्र मिळून ५०० वॉट धरा. चोवीस तासांत १२ युनिट. शिवाय तेवढीच उष्णता खोलीत. मे महिन्यात पुण्यात चाळिशी गाठल्यावर बंद लॅबमध्ये अशी तीन यंत्रं म्हणजे दीड किलोवॉटचा हीटर. एसी त्या हिशेबाने हवा, आणि रात्री एसी बंद करणाऱ्या शिपाईदादांना आधी सांगून ठेवायला हवं.

कार्डाची वीज मर्यादित करता येते. ३०९० ला ३५० वरून २५० वॉटवर आणलं तरी वेग त्या प्रमाणात घटत नाही, बराच कमी घटतो. खरेदीत यूपीएस आणि अर्थिंग तपासणी नक्की धरा. ही कार्डं क्षणभरासाठी नेमून दिलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतात, पॉवर सप्लाय काठावरचा असेल तर यंत्र मध्येच बंद पडतं.

कोथरूडची_पायरी

डिसेंबरात मात्र हॉस्टेलची सगळी मुलं लॅबमध्येच अभ्यासाला येणार :)

प्रवाही

परत आलो. खोली साठवून ३२ बिटांत चालवलं. छोट्या जाळ्यावर, वारजे ते म्हात्रे पूल एवढ्याच पट्ट्यात. ६४ बिटांच्या निकालाशी फरक मिलिमीटरच्या आत आहे. नदीचा तळ किती अचूक मोजलाय त्यातली अनिश्चितताच याहून कितीतरी मोठी आहे. जिथे जमीन कोरडी-ओली होत राहते, त्या कडांवर मात्र थोडा फरक दिसतो, तिथे अजून काम करावं लागेल. कडेलाच तर घरं आहेत.

तेव्हा ६४ बिटांचं कार्ड हवंच हा आग्रह मागे घेतो. मात्र अंतिम निकालाआधी संपूर्ण जाळं एकदा ६४ बिटांत चालवून ताळा पाहणारच, ते बाहेरच्या मोठ्या यंत्रावर.

ट्रान्सप्युटर

प्रवाही, असंच हवं. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या परम यंत्रांवर शिक्षणसंस्थांना प्रस्ताव देऊन वेळ मागता येतो. आत्ताच अर्ज करा. प्रस्तावात हा तासाचा आणि मिनिटांचा हिशेब असाच्या असा घाला. किती तास हवेत आणि का, हे आकड्यांत सांगणारा अर्ज वाचणाऱ्यालाही बरा वाटतो.

वारजेकर

मग माझं मत: १६ जीबीच्या कार्डाची दोन यंत्रं. नुसतं "१६ जीबी" बघून घेऊ नका मात्र. ४०६० टीआय १६ जीबीची बँडविड्थ सेकंदाला २८८ जीबी आणि ५०६० टीआय १६ जीबीची ४४८. मेमरी तेवढीच, पण पुराचं ३२ बिटांचं मॉडेल बँडविड्थवर चालतं, तिथे दीडपट फरक. ५०६० टीआय घेतलं तर पायटॉर्च कुडा १२.८ किंवा पुढच्या आवृत्तीवरचंच टाका, जुन्यावर ते कार्ड चालत नाही.

तांबडं_कार्ड

माझं मत वेगळंच राहील. दोनपैकी एक यंत्र एएमडीचं घ्या. मुलांचा कोड दोन्हीकडे चालतो का, हे दर महिन्याला आपोआप कळत राहील. ट्रान्सप्युटर काकांनी सांगितलं तेच मी सांगतोय.

ट्रान्सप्युटर

यात तथ्य आहे. पण दोनच यंत्रं असताना एक अडलं तर निम्मी लॅब अडते. तिसरं घ्याल तेव्हा नक्की विचार करा.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कॅगलवर मोजून पाहिलं. टी४ चा वापर खरंच पंचवीस टक्क्यांच्या आसपास होता. हजारभर पानांच्या ओळी कापून, करड्या करून एसएसडीसारख्या जागी ठेवल्या, वापर नव्वदच्या वर गेला. त्याच फुकटच्या कार्डावर.

समितीपुढे असं मांडतोय: १६ जीबीच्या कार्डाची दोन यंत्रं, प्रत्येकी ६४ जीबी रॅम आणि दोन टीबी एनव्हीएमई, एक यूपीएस. उरलेल्या पैशांत बॅकअपसाठी डिस्क आणि एक एफपीजीए बोर्ड डिजिटल डिझाइनच्या सरांसाठी. पुराचं अंतिम ६४ बिटांचं काम परमच्या यंत्रावर, प्रस्ताव प्रवाही लिहितायत.

पर्वतीपायथा

सर, कोटेशन मागवताना स्पेसिफिकेशनमध्ये एकाच मॉडेलचं नाव लिहू नका, लेखापरीक्षणात प्रश्न येतो. "किमान १६ जीबी मेमरी, किमान ४४० जीबी प्रतिसेकंद बँडविड्थ, कुडा १२.८ किंवा पुढील आवृत्तीशी सुसंगत, तीन वर्षं जागेवर वॉरंटी" असं लिहा. बँडविड्थचा आकडा घातला नाहीत तर सर्वात कमी दरवाला २८८ वालंच देणार. पॉवर सप्लायचाही किमान आकडा आणि दर्जा लिहा, तिथेच हात मारतात.

मुठाकाठ

हे फार उपयोगी. तसंच्या तसं घेतो.

बोरूवाली

आमच्या शनिवारच्या वर्गातल्या तिघी ओळी वाचून द्यायला तयार आहेत, ह्रस्व-दीर्घाचे नियम मी लिहून पाठवते. ओळी कापताना फाइलच्या नावात रुमाल (कागदांचा गठ्ठा), पान आणि ओळीचा क्रमांक राहू द्या. शब्द ओळीच्या टोकाला तुटलेला असतो, पुढची ओळ कोणती ते कळलं नाही तर वाचणारीला अर्थ लागत नाही. आणि मूळ रंगीत स्कॅन टाकून देऊ नका. शाई फिकी पडलेल्या जागी आम्ही करडं चित्र बाजूला ठेवून रंगीतच बघतो.